रदोंचा हसरा सायक्लोप्स : ‘उगम’ संचातील तिसरे चित्र

काळी शाई

ओदिलों रदों (१८४०–१९१६) या फ्रेंच चित्रकाराने १८८३ साली ‘लेझोरिजीन’, म्हणजे ‘उगम’, या नावाचा शिळाछाप (लिथोग्राफ) चित्रांचा एक संच काढला. त्यात मुखपृष्ठाखेरीज आठ चित्रे होती आणि संचाच्या प्रती केवळ २५ होत्या. चर्चेच्या या धाग्याचा विषय आहे त्यातले तिसरे चित्र. त्याच्यासोबत दिली जाणारी ओळ मराठीत साधारण अशी होईल : बेढब पॉलिप किनाऱ्यांवरून तरंगत होता, एक प्रकारचा हसरा आणि हिडीस सायक्लोप्स. सायक्लोप्स म्हणजे ग्रीक पुराणकथांतला एकाच डोळ्याचा राक्षस.

चित्र काळ्या शाईचे आहे, आकाराने जेमतेम वीतभर. त्यावर एका डोक्याचेच राज्य आहे. केस राठ आणि दाट, एकच प्रमाणाबाहेर मोठा डोळा, आणि त्याखाली ताणून पसरलेले हसू. होमरच्या ‘ओडिसी’च्या नवव्या सर्गात पॉलिफेमस या सायक्लोप्सभोवती जे काही येते, ती गुहा, त्या मेंढ्या, दाराशी लोटलेली धोंड, नायक ओडिसियस आणि त्याचे सोबती, यातले इथे काहीही नाही. या चित्राची गडद छटा, तो एकाकी डोळा आणि ते हसू पाहिल्यावर ‘भयंकर’ हा शब्द पहिल्यांदा ओठांवर येतो, आणि बहुतेक लेखनात तो तसाच वापरलाही जातो. मला मात्र हे भय नेमके कशाचे आहे हे तपासावेसे वाटते.

होमरच्या कथेत सायक्लोप्सचा डोळा असतो तो फुटण्यासाठी. तो सहा माणसे खातो, दारू पिऊन झोपतो आणि ऑलिव्हच्या लाकडाचा तापवलेला सुळका त्याच्या डोळ्यात घुसवला जातो. सगळी हकिकत सांगतो तो डोळा फोडणाराच, कारण नववा सर्ग ओडिसियसच्या तोंडून येतो. म्हणजे या राक्षसाचे राक्षसपण आपल्याला त्याच्या शत्रूकडून कळलेले आहे. रदोंच्या चित्रात डोळा शाबूत आहे एवढेच मला सांगायचे नाही. संचाचा क्रम पाहा. पहिल्या चित्रात अंधाऱ्या जडद्रव्याच्या तळाशी जीव जागा होतो. दुसऱ्यात फुलामध्ये दृष्टीचा पहिला प्रयत्न झाला असावा असे सुचवले आहे. तिसऱ्यात हा सायक्लोप्स येतो. पुढे जलपरी, सॅटर (अर्धा माणूस, अर्धा बोकड), झुंजणारे प्राणी, पंख असून उडू न शकलेले जनावर, आणि माणूस उगवतो तो थेट आठव्या चित्रात. याचा सरळ अर्थ असा की तिसऱ्या चित्राच्या वेळी जगात माणूस नावाची गोष्टच नाही. या सायक्लोप्सला खायला कोणी नाही आणि त्याला आंधळे करायलाही कोणी नाही. कोणाचा तरी राक्षस होण्याआधीचा हा जीव आहे, आणि तरीही तो हसतो आहे. माझ्या मते या चित्राची खरी अस्वस्थता इथे आहे, काळ्या रंगात किंवा विद्रूपतेत तितकीशी नाही.

आणखी एक गोष्ट. रदोंला आपण ‘प्रतीकवादी’ म्हणतो, पण प्रतीकवाद या चळवळीचा जाहीरनामा कवी मोरेआसने ‘ल फिगारो’ या वृत्तपत्रात छापला तो १८८६च्या सप्टेंबरात, या चित्रानंतर तीन वर्षांनी. त्यामुळे कोणत्या तरी चळवळीच्या नियमाबरहुकूम हे चित्र झाले असे समजून त्यातला डोळा म्हणजे अमुक आणि हसू म्हणजे तमुक असा कोश लावत बसण्यात अर्थ नाही. रदोंने स्वतः लिहून ठेवले आहे की त्याची चित्रे सुचवतात, काही निश्चित करत नाहीत, आणि संगीताप्रमाणे आपल्याला अनिश्चिताच्या संदिग्ध प्रदेशात नेऊन ठेवतात.

ज्यांनी हे चित्र पाहिले आहे त्यांना ते कसे वाटले हे वाचायला आवडेल. ज्यांना ते मुळीच भावले नाही त्यांनी तर जरूर लिहावे.

तिरकस रेघ

शेवटच्या वाक्याचे आमंत्रण स्वीकारतो. लेखन आवडले, पण तुमचे वाचन चित्रापेक्षा संचाच्या अनुक्रमणिकेवर उभे आहे असे मला वाटते. १८८३ साली २५ जणांनी हा संच क्रमाने उलगडून पाहिला असेल, पण आज बहुतेक लोक हे चित्र एकटेच पाहतात, कुठल्या तरी पडद्यावर, मागचे-पुढचे काहीही न दिसता. त्यांना जे दिसते ते एक एकाक्ष, हसणारे, केसाळ डोके. माणूस आठव्या चित्रात जन्मतो हे ज्ञान त्यांच्या डोळ्यांत नसते. जे चित्र स्वतःच्या चौकटीत पुरेसे बोलत नाही आणि ज्याला ओळ, क्रम आणि टीप अशा तीन कुबड्या लागतात, त्याला मी थोडे कमी गुण देईन.

दुसरे असे की ‘हिडीस’ हा निवाडा त्या ओळीतच आहे. माणूस जन्मलाच नसेल तर हिडीस कोणाला? ती ओळ माणसाने माणसासाठी लिहिलेली आहे, त्यामुळे चित्रासमोर माणूस उभा आहेच, चौकटीच्या बाहेर का होईना.

दगडफूल

हे चित्र पाहताक्षणी मला अरण्यकांडातला कबंध आठवला. मान नाही, डोके नाही, पोटात तोंड, छातीवर एकच मोठा डोळा आणि योजनभर लांब हात. वाल्मीकीने त्याचे वर्णन केले आहे ते इतके तपशीलवार आहे की ते वाचून चित्र काढणाऱ्याला स्वतःचे काही घालावे लागू नये.

पण साम्य सांगून थांबलो तर फार सोपे होईल. कबंधाच्या विद्रूपतेला कारण आहे. ऋषीचा शाप आहे, इंद्राच्या वज्राचा घाव आहे, ज्याने त्याचे डोके धडात गेले. आणि तिला शेवटही आहे. राम-लक्ष्मण त्याचे हात तोडतात, त्याला अग्नी देतात, तो दिव्य रूपाने बाहेर येतो आणि सुग्रीवाकडे जाण्याची वाट सांगतो. म्हणजे आपल्या कथेत विद्रूप देह ही एक मधली अवस्था असते. आधी काहीतरी चांगले होते आणि नंतरही होणार असते. रदोंच्या सायक्लोप्सला ना पूर्वजन्म आहे ना उद्धार. तो कोणाच्या पापामुळे असा झालेला नाही, तो पहिल्यापासून असाच आहे. काळी शाई यांनी मांडलेली अस्वस्थता मला या बाजूने अधिक जाणवली. शाप नसलेली विद्रूपता आपल्याला कुठे ठेवावी ते कळत नाही.

सूक्ष्मदर्शक

मी पेशाने विकृतिशास्त्राचा अध्यापक आहे, त्यामुळे माझा प्रतिसाद थोडा वेगळ्या खिडकीतून येईल.

या ओळीतला पहिला शब्द सायक्लोप्स नसून पॉलिप आहे, याकडे कोणी लक्ष दिलेले दिसत नाही. गोड्या पाण्यातला पॉलिप, ज्याला आपण शाळेत हायड्रा म्हणून शिकलो, तो अठराव्या शतकापासून युरोपच्या विचारविश्वाला सतावणारा जीव होता. आब्राहाम ट्रेम्ब्ले या जिनिव्हाच्या निसर्गअभ्यासकाने १७४०च्या दशकात त्याचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यातून पूर्ण प्राणी वाढताना पाहिला. हा प्राणी की वनस्पती, आणि कापल्यावर त्याच्या जीवाचे काय होते, यावर पुढे पुष्कळ शाई खर्च झाली. रदोंला हे सारे पुस्तकी वाटेने कळले असे मानण्याची गरज नाही. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात त्याचा एक वडीलधारा मित्र होता, आर्मां क्लावो, वनस्पतिशास्त्रज्ञ. रदोंने त्याच्याबद्दल लिहिले आहे की तो अदृश्याच्या सीमेवर काम करत असे आणि प्राणी व वनस्पती यांच्या मधल्या जीवनाचा शोध घेत असे, म्हणजे अशा एखाद्या जीवाचा की जो दिवसातले काही तास, तेही उजेड असतानाच, प्राणी असतो. संचाचे दुसरे चित्र, फुलात उघडणारा डोळा, हे वाक्य वाचल्यावर विक्षिप्त वाटेनासे होते. डार्विनच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या उत्क्रांतीवरच्या पुस्तकाचे फ्रेंच भाषांतर १८६२ साली आले आणि क्लावोनेच रदोंला डार्विनची ओळख करून दिली.

दुसरा धागा म्हणजे विकृत गर्भांचे शास्त्र. एकाक्ष गर्भ ही आमच्या शास्त्रात खरोखर आढळणारी अवस्था आहे. गर्भाच्या मेंदूचा पुढचा भाग दोन अर्धांत विभागला गेला नाही तर डोळ्यांच्या दोन खोबणींऐवजी एकच खोबण तयार होते. असे मूल जगत नाही. फ्रान्समध्ये इझिदोर जोफ्रुआ सँतिलेर याने १८३०च्या दशकात अशा विकृतींचे पद्धतशीर वर्गीकरण केले आणि एक महत्त्वाची गोष्ट ठसवली, ती म्हणजे विकृती हा निसर्गनियमाचा भंग नसून तिलाही नियम असतात. पूर्वी ज्याला अपशकुन समजले जाई ते आता बरणीत ठेवून अभ्यासण्याची वस्तू झाली. रदोंच्या पिढीने पुराणातला सायक्लोप्स आणि बरणीतला सायक्लोप्स असे दोन्ही एकाच शब्दाने ओळखले. दगडफूल म्हणतात ती ‘शाप नसलेली विद्रूपता’ त्या शतकात शास्त्राने निर्माण केलेली आहे, असे मी म्हणेन.

अवांतर वाटेल, पण सांगतो. ऑस्ट्रियाचा पुराजीवशास्त्रज्ञ ओटेनिओ आबेल याने १९१४ साली असे सुचवले की सिसिलीच्या गुहांमध्ये सापडणाऱ्या बुटक्या हत्तींच्या कवट्यांवरून सायक्लोप्सची कल्पना निघाली असावी, कारण त्या कवटीच्या मध्यावर सोंडेचे मोठे भोक असते आणि ते एकाच डोळ्याच्या खोबणीसारखे दिसते. ते खरे मानले तर हा राक्षस पहिल्यापासूनच नामशेष झालेल्या प्राण्याच्या चुकीच्या वाचनातून जन्मला.

तिरकस रेघ

सूक्ष्मदर्शक यांचा प्रतिसाद धाग्याची किंमत वाढवणारा आहे. तरी एक शंका. या संचाला ‘डार्विनचे चित्ररूप’ म्हणण्याची जी पद्धत पडली आहे तिच्याशी मी सहमत नाही. डार्विनच्या पुस्तकात जलपऱ्या आणि सॅटर नाहीत. हे मला त्याहून कितीतरी जुने वाटते. ल्युक्रिशियस या रोमन कवीच्या काव्याच्या पाचव्या भागात असे येते की पृथ्वीने सुरुवातीला अनेक विचित्र देह घडवून पाहिले, कोणाला पाय नाहीत, कोणाला हात नाहीत, कोणाला तोंड नाही, कोणाला डोळे नाहीत, आणि ते टिकू शकले नाहीत म्हणून संपले. त्याच्याही आधी एम्पेडोक्लिस या ग्रीक तत्त्वज्ञाने कपाळाशिवाय भटकणाऱ्या डोळ्यांची कल्पना केली होती. गंमत अशी की तोच ल्युक्रिशियस पुढच्याच ओळींत सांगतो की सेंटॉर कधीच नव्हते आणि असू शकत नाहीत, कारण घोडा आणि माणूस एकाच वेळी वयात येत नाहीत. रदोंने ल्युक्रिशियसचा पहिला भाग घेतला आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष केले असे वाटावे, इतके हे जवळचे आहे. त्याने तो वाचला होता असा माझा दावा नाही. विचारांची जात कोणती एवढेच म्हणतो.

शिवाय हा प्रगतीचा जिनाही नाही. सहाव्या चित्राच्या ओळीत झुंजी आणि फोल विजय आहेत. सातव्यात पंख जनावराला त्या काळ्या अवकाशात उचलू शकत नाहीत. आणि आठव्यात जो माणूस येतो तो ज्या मातीतून निघाला आणि जी त्याला ओढते तिलाच प्रश्न विचारत अंधुक उजेडाकडे वाट काढतो. शेवटच्या पायरीवर विजयी कोणीच उभा नाही.

शिळाप्रेस

सगळी चर्चा ‘काय’ यावर चालली आहे, थोडे ‘कसे’ यावर लिहितो. मी छापचित्रकार आहे आणि शिळेवर काम केलेले आहे.

रदोंच्या या काळाला स्वतः त्याने ‘काळी चित्रे’ असेच नाव दिले होते. आधी ती कोळशाने काढलेली रेखाटने होती. आंरी फांतँ-लातूर या चित्रकाराने १८७८च्या सुमारास त्याला सुचवले की ट्रान्सफर कागदावर तेलकट खडूने काढून ते शिळेवर उतरवता येईल आणि मग प्रती काढता येतील. पहिला संच ‘स्वप्नात’ १८७९ साली निघाला, तेव्हा रदों एकोणचाळिशीचा होता. म्हणजे ज्याला आपण शिळाछापाचा मोठा कलावंत म्हणतो त्याने या माध्यमाला हात घातला तो आपल्या रेखाटनांच्या प्रती निघाव्यात एवढ्या व्यावहारिक कारणासाठी. पण तो तिथे थांबला नाही. कागदावरून चित्र शिळेवर उतरले की तो शिळेवरच पुन्हा काम करी, खडूने काळे वाढवी आणि धारदार हत्याराने खरवडून पांढरे बाहेर काढी.

हे ज्यांनी केलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. शिळेला आधी दाणा काढतात, म्हणजे दुसऱ्या शिळेने आणि वाळूने घासून तिचा पृष्ठभाग बारीक खरबरीत करतात. खडूचे मेण त्या दाण्याच्या टोकांवर बसते. हलका हात दिला तर फक्त टोके काळी होतात आणि करडी छटा येते; दाबून, पुन्हा पुन्हा खडू फिरवला तर दऱ्याही भरतात आणि मखमलीसारखा काळा तयार होतो. मग डिंक आणि आम्लाचे मिश्रण लावले की खडू नसलेली जागा पाणी धरते आणि शाई नाकारते. या पद्धतीत काळा हा एका रेषेने येत नाही, तो साचत जातो. म्हणूनच रदोंच्या आकृत्यांना कडा अशा नसतात. या सायक्लोप्सचे केस कुठे संपतात आणि त्यामागची काळोखी कुठे सुरू होते हे नीट सांगता येत नाही, आणि काळी शाई ज्या ‘जडद्रव्याच्या तळा’बद्दल लिहितात तो तळ मला त्या शाईच्या थरातच दिसतो. छाप पातळ चिनी कागदावर घेऊन तो जाड कागदावर चिकटवलेला असतो, त्यामुळे पांढराही कोरडा पांढरा न राहता किंचित ऊबदार होतो. डोळ्याचा पांढरा भाग पाहताना हे लक्षात येते. पडद्यावर पाहताना मुळीच लक्षात येत नाही, म्हणून तिरकस रेघ यांनी पडद्यावरच्या अनुभवावरून गुण कापावेत हे मला मान्य नाही.

रदोंने काळ्याबद्दल जे लिहिले आहे तेही इथे लागू पडते. काळ्याचा मान राखावा, तो विकला जात नाही, तो डोळ्यांना रिझवत नाही, आणि रंगपेटीतल्या सुंदर रंगांपेक्षा तो मनाचा अधिक खरा प्रतिनिधी आहे, असे त्याचे म्हणणे होते.

आपल्याकडचा संदर्भ आठवल्याशिवाय राहवत नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा सुरू झाली ती १८७८ साली, रदोंच्या पहिल्या संचाच्या आदल्या वर्षी. तीही शिळाछापाचीच, तिथेही देवादिकांची आणि पुराणातल्या व्यक्तींची चित्रे. पुढे १८९४ला मुंबईत रविवर्मा प्रेस निघाला आणि नंतर मळवलीला गेला. तिथे प्रत्येक रंगाला वेगळी शिळा लागे, आणि सगळा खटाटोप असे तो देवाचा चेहरा प्रत्येक घरातल्या भिंतीवर स्पष्ट, उजळ आणि ओळखीचा व्हावा यासाठी. त्याच दगडाने आणि त्याच तेलकट खडूने रदोंने २५ प्रती काढल्या, त्याही अशा चेहऱ्याच्या की जो कोणी भिंतीवर लावणार नाही. हे मी उणे-अधिक ठरवण्यासाठी लिहीत नाही. दोन्ही छापखान्यांत पुराणातली पात्रे शिळेवर चढत होती, आणि एका ठिकाणी त्यांना नमस्कार करायचा होता, तर दुसऱ्या ठिकाणी त्यांच्यासमोर काय करायचे हेच ठरलेले नव्हते.

दगडफूल

शिळाप्रेस, फार उत्तम. माझ्या आजीच्या देवघरात चित्रशाळेच्या छापाची एक तसबीर होती, पण ती आणि हा सायक्लोप्स एकाच तंत्राची भावंडे आहेत हे माझ्या ध्यानात कधी येणे शक्य नव्हते.

पाणवठा

मी नेदरलँड्समध्ये राहते. इथे ओटर्लोजवळच्या जंगलात क्रोलर-म्युलर संग्रहालय आहे आणि तिथे रदोंचे ‘सायक्लोप्स’ हे रंगीत तैलचित्र लावलेले आहे, साधारण १९१४ सालचे. ज्यांना हा विषय आवडला त्यांनी ते या छापचित्राशेजारी ठेवून पाहावे असे सुचवते.

त्या चित्रात खाली फुलांनी आणि रंगांनी भरलेल्या उतारावर एक नग्न स्त्री पहुडलेली आहे, ती गॅलटिया, सायक्लोप्सचे जिच्यावर प्रेम होते ती सागरकन्या, मानली जाते. डोंगरामागून सायक्लोप्सचे अवाढव्य डोके वर येते आणि त्याचा एकुलता डोळा, थोडा कललेला, ओलसर, काहीसा लाजरा, दिसतो. इथला पॉलिफेमस होमरचा नाही, थिओक्रिटसचा आहे. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या या कवीने अकराव्या गोपगीतात प्रेमात पडलेला पॉलिफेमस रंगवला आहे, जो किनाऱ्यावर बसून गातो, आपल्या एकाच भुवईची आणि रुंद नाकाची कबुली देतो आणि मेंढ्या, चीज व दूध यांची श्रीमंती मोजून दाखवतो. ग्युस्ताव मोरो या चित्रकाराने १८८०च्या सालोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या चित्रप्रदर्शनात, मांडलेली ‘गॅलटिया’ हीच कथा सांगते, पण तिथे सारे काही जडावाच्या दागिन्यासारखे लखलखते. रदोंच्या तैलचित्रात प्रेम आहे, आणि ते जवळ येऊ शकणार नाही हेही त्या डोळ्याला ठाऊक असावे असे वाटते.

त्या तैलचित्रापुढे उभी असताना मला या १८८३च्या चित्रातला जीव त्याच्या आधीच्या वयातला वाटला. म्हणून मला त्याची भीती वाटत नाही. मधल्या तीस वर्षांत चित्रकाराच्या आयुष्यात बरेच काही झाले होते. पहिला मुलगा १८८६ साली तान्हेपणीच गेला, दुसरा १८८९ साली जन्मला, ज्याच्या जन्मानंतर रंग हळूहळू आत आले. बोर्दोजवळच्या मेदोकमधले पेरलबादचे घर, जिथे त्याचे एकाकी बालपण गेले आणि जिथे ही काळी चित्रे सुचली, ते १८९७ साली विकले गेले. त्यानंतर काळा जवळजवळ मागेच पडला.

तिरकस रेघ

पाणवठा यांचे वर्णन सुरेख आहे, पण नेमका हाच धोका मला वाटतो. १९१४च्या डोळ्यातला ओलावा आपण १८८३च्या डोळ्यावर उलटा ओततो. ज्या चित्रकाराने म्हातारपणी मायेने एक सायक्लोप्स रंगवला त्याचा आधीचा सायक्लोप्सही मायेचा असलाच पाहिजे, असा कोणताही नियम नाही. चरित्र वाचून चित्रे मऊ करण्याची ही सवय फार पसरली आहे. मूल गेले, घर विकले, रंग आले, अशी साखळी लावली की सगळे समजल्यासारखे वाटते, आणि चित्राकडे पुन्हा पाहायची गरज उरत नाही.

हसण्याबद्दल बोलू. काळी शाई यांनी त्या हसण्याला फार मोठा अर्थ दिला आहे. पण रदोंकडे हसणारे प्राणी आणखीही आहेत. १८८१ सालचा हसरा कोळी आठवा, कोळशातला. त्यावरून १८८७ साली शिळाछापही निघाला. कोळ्याच्या अंगावर माणसाचा चेहरा, दात दाखवणारे हसू, आणि मोजले तर पाय दहा. १८८१ सालचाच एक रडणारा कोळीही आहे. कोळ्याला हसू लावा, रडू लावा, पॉलिपला हसू लावा. मला ही एक युक्ती वाटते. प्राण्यावर मानवी भाव चिकटवला की पाहणारा दचकतो. युक्ती प्रभावी आहे, हे मी नाकारत नाही.

सूक्ष्मदर्शक

युक्तीच्या मुद्द्यावर एक छोटी भर. रदोंने आपल्या कामाबद्दल स्पष्ट म्हटले आहे की अशक्य जीवांना शक्यतेच्या नियमांनुसार, माणसासारखे जगवणे हे त्याचे वैशिष्ट्य, आणि दृश्याचे तर्कशास्त्र तो अदृश्याच्या सेवेला लावतो. त्याची पद्धतही त्याने सांगितली आहे. एखादा गोटा, गवताचे पाते, हात, असे काहीतरी बारकाईने पाहून उतरवले की मग मनात उकळी येते आणि कल्पनेतले काढावेसे वाटते. मला हे पटते, कारण या डोक्याचे वजन खरे वाटते. त्याचा डोळा खोबणीत नीट बसलेला आहे, कपाळावर नुसता चिकटवलेला नाही. बाजारू राक्षसांमध्ये हेच चुकते.

काळी शाई

सर्वांचे आभार. एवढे सविस्तर प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते.

तिरकस रेघ यांच्या दोन आक्षेपांना उत्तर देते. क्रमाबद्दल : हे चित्र सुटे पाहिले तर अर्थ कमी होतो हे खरे, पण तो दोष चित्राचा नाही. अभंगाची एकच ओळ दिनदर्शिकेवर छापली म्हणून अभंग अपुरा ठरत नाही. रदोंने संच केला, त्याला नाव दिले, आणि शिळाप्रेस सांगतात त्याप्रमाणे एकेका शिळेवर पुन्हा हात फिरवला. त्या क्रमात वाचण्याचा हक्क चित्राला आहे. ‘हिडीस कोणाला?’ हा प्रश्न मात्र मला मान्य आहे, आणि त्याने माझे म्हणणे पुसले जात नाही, उलट टोकदार होते. ओळ लिहिणारा माणूस आठव्या चित्रानंतरचा आहे. तो मागे वळून पाहतो आणि त्याला पहिल्यांदा काय दिसते, तर आपल्यासारखेच हसणारे काहीतरी, ज्याला तो लगेच हिडीस म्हणतो. दगडफूल म्हणतात तसे, त्याला शाप देऊन मोकळे होण्याची सोय इथे नाही.

हसणे ही युक्ती आहे की नाही हे ठरवायचे असेल तर संच बाहेर टाकून कोळ्याकडे जाण्याऐवजी त्याच संचात दोन पाने पुढे जावे. पाचवे चित्र सॅटरचे आहे आणि त्याची ओळही हसण्याबद्दलच आहे : कुत्सित हसणारा सॅटर. तिथले हसू नीट पाहा. ते ओठांच्या कडेशी थांबलेले आहे, आतल्या गाठीचे आहे, आणि कोणाला तरी उद्देशून आहे. सॅटरला काहीतरी ठाऊक आहे आणि समोरच्याला ते ठाऊक नाही, असे ते हसू आहे. सायक्लोप्सच्या हसण्यात ही देवघेव नाही. एकाच संचात, दोन पानांच्या अंतराने, एकच युक्ती दोन वेळा वापरायची असती तर चित्रकाराने दोन इतकी वेगळी तोंडे कशाला काढली असती?

पाणवठा, तुमचा सायक्लोप्स मला प्रत्यक्ष पाहता आलेला नाही, पण तुमच्या वर्णनातली एक गोष्ट इथे कामाची आहे. तैलचित्रातल्या डोळ्याला पाहण्यासाठी कोणीतरी आहे. छापचित्रातल्या डोळ्याला नाही. तेवढाच फरक धरला तर चरित्राकडे न जाताही दोन चित्रे शेजारी ठेवता येतात, आणि तिरकस रेघ यांची हरकतही उरू नये.

पाणवठा

हे मान्य. पुढच्या वेळी तिथे जाईन तेव्हा चरित्र दाराशी ठेवून आत जाईन.

शिळाप्रेस

ज्यांना संच क्रमाने पाहायचा आहे त्यांच्यासाठी : शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटकडे रदोंच्या छापचित्रांचा फार मोठा संग्रह आहे आणि तिथल्या प्रतिमा मोठ्या करून पाहता येतात. पाचवे आणि तिसरे चित्र शेजारी उघडून पाहिले. काळी शाई यांनी हसण्यातला जो फरक सांगितला तो हाताच्या दाबातही आहे. सॅटरच्या ओठांची कड खडूने ठरवून, नेमकी काढलेली आहे. सायक्लोप्सचे तोंड करड्या छटेतून हळूहळू उघडत गेले आहे, तिथे अशी नेमकी कड सापडत नाही.

तिरकस रेघ

पाचवे चित्र पाहिले. सॅटरबद्दल सहमत. सायक्लोप्सच्या हसण्याला उद्देश नाही हे मात्र अजून पटलेले नाही. उद्देश नसलेले हसू आणि मला न कळलेला उद्देश असलेले हसू यांत फरक कसा करायचा हे या धाग्यावर कोणी सांगितलेले नाही. तोपर्यंत मी त्याला ‘युक्ती’ म्हणणे थांबवतो, पण गुण वाढवत नाही.